जीनच्या टेलिफोनवरून केलेली फिर्याद

आत्याबाईंना घेऊन गेले तेव्हा हे घरी नव्हते. माझी नणंद बाळंतपणाला आली होती. गावात उंदीर मरून पडू लागले तसं तिला आणि तिच्या तान्ह्या मुलीला तिच्या सासरी, लोहारद्याला पोचवायला हे बैलगाडी जोडून गेले होते. घरात मी आणि आत्याबाई, दोघीच. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्यात सासूला आत्याबाई म्हणायची पद्धत आहे.

देवास तेव्हा एकच गाव होतं, पण राज्यं दोन होती. एकाच राजघराण्याच्या दोन शाखा, म्हणजे दोन पात्या, दोन राजे, दोन दिवाण, दोन ठाणी. आमच्या आळीत तर हद्द रस्त्याच्या मधूनच जायची. आमची ओळ एका पातीची, समोरची ओळ दुसऱ्या पातीची. एरवी याचं कुणाला काही वाटत नसे. समोरच्या काकू विरजण मागायला दिवसातून दोनदा हद्द ओलांडत. पण त्या थंडीत प्लेग आला आणि दोन्ही दरबारांचे हुकूम वेगळे निघाले. समोरच्यांना आपापल्या शेतात झोपड्या घालून राहायची मुभा होती. आमच्याकडे ज्याला ताप आणि गाठ दिसेल त्याला उचलून उज्जैनच्या रस्त्याला बांधलेल्या छावणीत न्यायचं, असा हुकूम होता. रस्त्याच्या मधोमध शिपायांनी सुंभाची दोरी ताणली होती.

सकाळी जमादार आणि एक कंपाउंडर तपासणीला आले. पोरगेलासा होता तो कंपाउंडर. डोळ्यांखाली काळं आलेलं, किती दिवस झोपला नव्हता कोण जाणे. त्यानं आत्याबाईंना हात वर करायला सांगितला. आत्याबाईंना हात वर करता येईना. काखेत लिंबाएवढं गळू झालं होतं आणि अंगात ताप होता.

"हे काखमांजर आहे," मी म्हटलं. "त्यांना थंडीत होतं हे. मागच्या वर्षीसुद्धा झालं होतं."

त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. जमादाराला म्हणाला, "ताप आहे, गाठ आहे. डोली आणा."

"अहो, पण नीट बघा तरी! इथं जुना व्रण आहे..."

"बाई, हुकूम है," जमादार म्हणाला. "घर आज खाली होणार. कौलं काढून चुना मारतील. तुम्हीही उद्या सकाळी छावणीवर हजर व्हायचं, घरातलं माणूस म्हणून."

आत्याबाई ओरडल्या नाहीत की रडल्या नाहीत. डोलीत बसताना त्यांनी पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि मला म्हणाल्या, "देवापाशी दिवा लावून ठेव." मग म्हणाल्या, "सूनबाई, हा प्लेग नाही. मला माहीत आहे."

मी डोलीच्या मागे चालत गेले. छावणी म्हणजे काट्याच्या कुंपणाच्या आत तट्ट्यांच्या झोपड्यांची रांग. दाराशीच मला शिपायानं अडवलं. आत्याबाईंना ज्या झोपडीत नेलं तिथून बायकांचे आवाज येत होते. कुणी कण्हत होतं, कुणी पाणी पाणी करत होतं. एक भिस्ती मशक घेऊन बाहेर उभा होता. बायकांच्या झोपडीत पुरुष म्हणून त्याला जाता येत नव्हतं, आणि आतल्या बायकांच्यात उठून बाहेर यायची ताकद नव्हती.

मग आत्याबाईंचा आवाज आला. माझ्या लग्नानंतर पहिल्यांदाच मी त्या आवाजात भीती ऐकली.

"अगं, ही सगळी गाठीचीच माणसं आहेत! माझ्या अंगाला अंग लागतंय यांचं. मला इथून काढ!"

प्लेग झालेला नव्हता, पण तिथं ठेवलं तर होणार होता. एवढं समजायला डॉक्टर लागत नव्हता.

तिथून मी तडक आमच्या पातीच्या दिवाण कचेरीवर गेले. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं लांबूनच काठी आडवी धरली. "कौनसी आळी?" त्यानं विचारलं. मी सांगितलं. तो दोन पावलं मागे सरला. तपासणी झालेल्या आळीतल्या माणसांना कचेरीच्या आवारात यायला बंदी होती.

"मग माझा अर्ज तरी आत द्या. मी लिहून आणते."

"कागज भी नी लेना, बाई. वहाँ का कागज भी नी लेना. घर जाओ."

मी घरी आले. बेलदार कौलं उतरवत होते. स्वयंपाकघरात, चुलीवर, मसाल्याच्या डब्यांवर सगळीकडे ऊन पडलं होतं. छप्पर नसलेल्या त्या घरात मी उभी राहिले आणि मला पहिल्यांदा रडू आलं. हट्टी शिपायाला माणूस समजावील, पण कागदसुद्धा घेत नाहीत तिथं काय करायचं? आणि ज्यांनी काही करायचं ते लोहारद्याच्या वाटेवर.

काकू दोरीपलीकडे त्यांच्या ओट्यावर उभ्या होत्या. त्यांनी हाक मारली. मी दोरीपाशी गेले. काकूंना कुणी नव्हतं. नवरा दरबारचे तंबू शिवायचा, तो वारला होता. गावातल्या निम्म्या बाळंतपणांना त्या उशाशी बसलेल्या. मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "दिवाणसाहेबांच्या कानावर घातलं पाहिजे. मधले लोक काही करणार नाहीत."

"पण घालायचं कसं? आत कुणाला सोडत नाहीत."

असं म्हणता म्हणता माझी नजर वर गेली. आळीच्या टोकाला लाकडी खांब होता आणि त्यावरून तार गेली होती. कचेरीकडून आलेली ती तार तलावाच्या बाजूनं कापसाच्या जीनकडे, सरकी काढायच्या कारखान्याकडे, जात होती. जीनच्या शेठजींनी नुकताच टेलिफोन घेतला होता. गावात टेलिफोन होते ते वाड्यावर, कचेरीत, ठाण्यात आणि तिथे.

टेलिफोन मला नवा नव्हता. माझं माहेर धारचं. माझे वडील तिथल्या कचेरीत टेलिफोनच्या फळ्यावर बसत. मी त्यांचा डबा घेऊन जायची. कुणी हँडल फिरवलं की फळ्यावरची एक बारीकशी झडप पडे, वडील कानाला चोंगा लावून विचारत, "कुणाशी बोलायचं?" आणि दोरी जोडून देत. एकदोनदा त्यांनी मला दवाखान्यातल्या त्यांच्या मित्राशी बोलायला दिलं होतं. हळू बोलायचं नाही, ओरडायचंही नाही, समोर माणूस बसलाय असं समजून बोलायचं, एवढंच त्यांनी शिकवलं होतं.

"काकू," मी म्हटलं, "मला जीनवर जायचंय."

काकूंनी काही विचारलं नाही. जोडे घातले आणि दोरी उचलून त्या अलीकडे आल्या. "मी दुसऱ्या पातीची," त्या म्हणाल्या. "तुमचा शिपाई मला काय करतो बघू. तू माझ्या मागून डोक्यावरून पदर घेऊन चल. विचारलं तर माझी भाची."

तलावाच्या काठानं आम्ही गेलो. रस्त्यात एका शिपायानं विचारलंच. काकूंनी त्याला त्याच्या आईची चौकशी करून गप्प बसवलं. आळीबाहेर पडायची मला बंदी होती. धरली असती तर मला छावणीत नेलं असतं, त्याचं काही नव्हतं. पण मग आत्याबाईंसाठी बोलणारं बाहेर कुणी उरलं नसतं.

जीन बंद होती. आवारात कापसाचे ढीग तसेच पडले होते. शेठजी बायकामुलांना घेऊन गावाबाहेर गेले होते आणि गादीवर एकटे मुनीमजी बसले होते. आम्हाला बघून ते उठून उभे राहिले. "दूर से, दूर से! कंई काम हे?"

काकूंनी सांगितलं. मुनीमजींनी कानाला हात लावले.

"शेठजी ने मालम पड़ी तो म्हारी नौकरी जायगी. नी बाई, ये नी होयगा."

"मुनीमजी," काकू म्हणाल्या, "तुमची घरवाली पहिल्या खेपेला अडली होती तेव्हा तिचा हात कुणी धरला होता? तेव्हा मी विचारलं होतं का, कुठल्या पातीची म्हणून?"

मुनीमजींनी आळीपाळीनं आमच्या दोघींकडे पाहिलं. मग चंचीतून तंबाखू काढत ते पायऱ्या उतरले. "मैं तो जरा तमाखू खाने जा रिया हूँ," ते म्हणाले. "पीछे से कौन आया, कौन गया, म्हारे कंई मालम?"

टेलिफोन भिंतीवर होता, पुरुषाच्या उंचीला लावलेला. काकूंनी एक लाकडी पेटी सरकवली, तिच्यावर मी उभी राहिले आणि हँडल फिरवलं.

"हां, कोण?" पलीकडून आवाज आला.

"दिवाण कचेरी जोडून द्या."

बाईचा आवाज ऐकून तो माणूस गोंधळला. "शेठाणीजी का?"

"जीनवरून बोलतेय," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं. त्यानं जोडून दिलं.

कचेरीतल्या कारकुनाचा आवाज कोरडा होता. मी म्हटलं मला दिवाणसाहेबांशी बोलायचंय, फिर्याद आहे.

"फिर्यादीला अर्ज करावा लागतो."

"अर्ज फाटकावर घेत नाहीत."

"कुठली आळी?"

मी सांगितलं. पलीकडचा आवाज एकदम लांब गेला. मला वाटतं त्यानं चोंगा तोंडापासून दूर धरला असावा.

"कुणाच्या घरातल्या तुम्ही? नाव काय यजमानांचं?"

आमच्या घरात बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही. उखाण्याशिवाय मी ते कधी उच्चारलं नव्हतं. मी म्हटलं, "वसुलीत कारकून आहेत. आळीच्या टोकाचं घर." त्यानं तेवढ्यावरून ओळखलं.

"असं होय," तो म्हणाला. "त्यांना ठाऊक आहे का तुम्ही हे काय करताय ते? बाई, नोकरी दरबारची आहे. सासू जाईल, पण यजमानांची भाकरी नका घालवू." आणि खट् असा आवाज झाला.

मी तशीच उभी राहिले. काकू खालून विचारत होत्या, "काय म्हणाले? काय म्हणाले?" तो म्हणाला ते खरं होतं. यांचा पगार बंद झाला असता तर आम्ही कुठं जाणार होतो? यांना विचारायला हवं होतं, आणि विचारायला हे इथं नव्हते. पण "सासू जाईल" हे शब्द तो ज्या सहजपणे बोलला ते माझ्या कानातून निघेनात.

मी पुन्हा हँडल फिरवलं. कारकुनानं आवाज ऐकून ठेवून दिलं. मी परत फिरवलं. एक्स्चेंजवरचा माणूस कळवळून म्हणाला, "बाई, ते रागावतात हो माझ्यावर."

"त्यांना सांगा, मी थांबणार नाही."

पुन्हा घंटा वाजत राहिली, बराच वेळ. मग उचललं. या वेळी आवाज वेगळा होता, जाड, संथ, दक्षिणेकडच्या माणसाचा. "काय चाललंय काय हे? सारखी घंटा. कोण आहे?"

दिवाणसाहेबच होते; ते दक्षिणेतून आलेले, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. वाटेत मी काय काय बोलायचं ते जुळवलं होतं. आधी मुजरा, मग आपली ओळख, मग हकिगत. त्यातलं काही आठवेना. तोंडातून निघालं ते एवढंच: "माझ्या सासूला काखमांजर झालंय. प्लेग नाही. त्यांना प्लेगच्या माणसांत ठेवलंय."

ते म्हणाले, "बाई, रोज प्रत्येक घरातून मला हेच सांगतात. गाठ नाही, गळू आहे. लपवून ठेवतात, आणि मग अख्खं घर जातं. मी कुणाकुणाचं ऐकायचं?"

ते चिडून बोलले नाहीत, थकून बोलले. त्यामुळे मला जास्त भीती वाटली. चिडलेल्या माणसाशी भांडता येतं.

"माझं ऐकू नका," मी म्हटलं. "मागच्या थंडीत दरबारच्या डॉक्टरसाहेबांनीच ही काख चिरली होती. व्रण आहे. त्यांना एकदा बघू द्या. गाठ निघाली तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही."

"आज तपासणीला डॉक्टर नव्हते?"

"नाही. कंपाउंडर आले होते."

तारेतून नुसता खरखर आवाज येत होता. मला वाटलं त्यांनीही ठेवून दिलं.

"वय काय त्यांचं?"

"साठी उलटली असेल."

"तुम्ही आत्ता जीनमध्ये आहात. म्हणजे बंदी मोडून आलात."

"हो."

"पुन्हा मोडू नका," ते म्हणाले. "ठेवा आता." बघतो म्हणाले नाहीत, करतो म्हणाले नाहीत. परतताना काकू पुन्हा पुन्हा विचारत होत्या, आणि मला सांगता येत नव्हतं की काम झालं की सगळंच बिघडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाठोडं घेऊन छावणीवर हजर झाले. मला घरच्या माणसांसाठी असलेल्या दुसऱ्या रांगेत ठेवलं. तिथून बायकांची झोपडी दिसत होती, पण जवळ जाता येत नव्हतं. सकाळ गेली. दुपारी दोन तिरड्या त्या बाजूनं निघाल्या. तोंडं झाकलेली. मी शिपायाला विचारलं, कोण, म्हातारी आहे का? त्याला माहीत नव्हतं. त्या वेळी माझ्या मनात काय काय आलं ते मी कधी कुणाला सांगितलं नाही.

ऊन कलल्यावर टांगा आला. डॉक्टरसाहेब उतरले, ते त्या झोपडीत गेले, आणि बऱ्याच वेळानं आत्याबाई एका शिपायाच्या आधारानं बाहेर आल्या. काखेला पट्टी होती. गळू चिरलं होतं. डॉक्टर मला म्हणाले, "पू निघाला. ही गाठ नव्हे. पण तुमच्या सासूबाई आता त्या लोकांत राहिल्यात. वेगळी झोपडी देतो, तुम्ही सोबत राहा. रोज दुसरी काख आणि जांघा बघायच्या. काही लागलं हाताला तर लगेच कळवायचं."

त्यानंतरचे दिवस त्या टेलिफोनच्या वेळेपेक्षा वाईट गेले. रोज उजाडल्यावर आत्याबाई मुकाट्यानं आडव्या होत आणि मी चाचपून बघे. ताप एकदा उतरून पुन्हा चढला तेव्हा आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचं टाळत होतो. पण गाठ आली नाही. ताप गेला. आत्याबाईंनी भाकरी मागितली.

भाकरी खाऊन झाल्यावर त्या म्हणाल्या, "माझ्या शेजारी एका रंगाऱ्याची बायको होती. तुझ्याएवढी असेल. पाणी मागून मागून तिची जीभ सुकली. मला उठता येत होतं तोवर मी दिलं. आता कोण देतंय?" मग त्यांनी विचारलं, "तू दिवाणांना काय काय सांगितलंस?"

मी सांगितलं.

"म्हणजे माझ्यापुरतंच बोललीस."

"आत्याबाई, तेवढंच सुचलं."

"बरं झालं, तेवढं तरी सुचलं," त्या म्हणाल्या. "पण तिथं बाईमाणूस पाहिजे पाणी द्यायला. हे कुणीतरी सांगायला हवं."

त्याच दिवशी हे आले. छप्पर नसलेलं घर आधी पाहिलं होतं, मग कचेरीत गेले होते. तपासणीच्या वेळी गावात नव्हते म्हणून त्यांना आत सोडलं, आणि तिथं सगळं कळलं होतं. कुंपणापलीकडे उभे राहिले. चेहरा उतरलेला. आईची विचारपूस केली आणि मग माझ्याकडे वळले.

"तू टेलिफोन केलास? दिवाणसाहेबांना?"

"केला."

"सगळी कचेरी माझ्याकडे बघतेय. मी कारकून आहे, माहीत आहे ना? उद्या मला काढलं तर?"

आत्याबाई झोपडीच्या दाराशी येऊन बसल्या. "तिनं केला म्हणून मी तुझ्यासमोर बसले आहे," त्या म्हणाल्या. "आता उरलेलं तू सांग."

"काय उरलेलं?"

त्यांनी बायकांच्या झोपडीचं सांगितलं. हे ऐकत होते, हातानं कुंपणाचा काटा मोडत होते. "आई, हे मी कसं सांगू?" एवढंच म्हणाले आणि निघून गेले.

पुढचं मला काकूंनी सांगितलं. हेही आधी टेलिफोन करायला जीनवर गेले. टेलिफोन शेठजींच्या खोलीत हलवला होता आणि खोलीला कुलूप होतं. शेठजींना वरून शब्द आला होता, मुनीमजींनी बोलणी खाल्ली होती. मग हे कचेरीत गेले, दिवाणसाहेबांच्या दालनाबाहेर उभे राहिले, आणि ते बाहेर आले तेव्हा सगळ्या कारकुनांच्या देखत तोंडी सांगितलं. दिवाणसाहेब ऐकून पुढे निघून गेले. हे घरी येऊन ओसरीवर आडवे झाले, ते जेवलेच नाहीत.

काही दिवसांनी छावणीत दोन बाया कामाला आल्या. त्या आत जाऊन पाणी देत, पेज पाजत. कुणाच्या सांगण्यावरून आल्या हे आम्हाला कधी कळलं नाही. रंगाऱ्याची बायको त्याआधीच गेली होती.

यांची नोकरी गेली नाही. प्लेग ओसरल्यावर त्यांची बदली लांबच्या ठाण्यावर झाली, जिथं कुणीच राजीखुशीनं जात नसे. बदलीचं कारण कुणी सांगितलं नाही, यांनीही विचारलं नाही. माझ्यावर ते पुन्हा रागावले नाहीत. पण त्या दिवसाविषयी माझ्याशी कधी बोललेही नाहीत.

गाडीत सामान भरत होतो त्या सकाळी रंगारी आमच्या दाराशी आला. हात कोपरापर्यंत निळे. कडेवर वर्षाची मुलगी होती. त्याला बायकांच्या झोपडीपाशी कधी सोडलंच नव्हतं. बसा म्हटलं तर तो बसेना. आत्याबाईंना विचारलं, "माजी, वो आप के पास थी. कुछ बोली क्या?"

आत्याबाई गाडीतून उतरल्या. त्याच्यासमोर उभ्या राहून त्यांनी त्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. "हां, बोली," त्या म्हणाल्या. "छोरी ने दूध पिया क्या, ये पूछ रही थी. मैंने कहा, पिया."

रंगाऱ्यानं मान हलवली. "पिया था," तो म्हणाला, आणि मुलीला दुसऱ्या कडेवर घेऊन तो चालायला लागला.